दहा वर्षं टिकणारा फुटबॉल क्लब कसा उभा करतात, आणि त्यातलं नेरुळ-ठाण्यात काय जमतं

दर वर्षी पावसाळा संपला की नेरुळ, खारघर, घोडबंदर, कुठे ना कुठे चार मित्र टर्फवर खेळून झाल्यावर म्हणतातच की यार आपण एक क्लब काढू. मग नाव ठरतं, लोगो ठरतो, जर्सीची ऑर्डर जाते, दोन टुर्नामेंट होतात, एखादा कपही येतो, आणि तिसऱ्या वर्षी ग्रुपवर फक्त वाढदिवसाचे केक उरतात. ह्यात वाईट काही नाही, मजा येते, पण ज्यांना खरंच पोरांची टीम उभी करून ती चालू ठेवायचीय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मोठे प्रोफेशनल क्लब काय करतात ते बघायचं आणि आपल्याला परवडेल तेवढं घ्यायचं. बऱ्याचशा गोष्टींना पैसे लागतच नाहीत, खरं सांगतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना पटत नाही त्यांचा वेळ वाचेल. टिकणारा क्लब प्रत्येक माणूस एक दिवस जाणार हे धरून चालतो. कोच जाणार, बेस्ट प्लेअर जाणार, पैसेवाला कंटाळणार, आणि दहावीत गेलेला गोलकीपर तर लिहूनच घ्या. मग तो गेल्यावर धावपळ करायची का आधीच बघून ठेवायचं, सगळा खेळ तिथे आहे. अकॅडमी, स्काउटिंग, बजेट हे सगळं नंतर त्यातूनच येतं.

ह्या बाबतीत सध्या सगळ्यात बघण्यासारखा क्लब इंग्लंडचा ब्रायटन. १९९७ मध्ये हे लोक इंग्लंडच्या चारही डिव्हिजनमधून बाहेर पडायच्या बेतात होते, शेवटच्या दिवशी हेरफर्ड क्लबशी १-१ करून वाचले, स्वतःचं ग्राउंड विकलं गेलेलं, दोन सीझन होम मॅच दुसऱ्या गावात जाऊन जिलिंगहॅमच्या ग्राउंडवर खेळले. २००९ मध्ये टोनी ब्लूम चेअरमन झाला, २०११ ला नवीन स्टेडियम, २०१७ ला प्रीमियर लीग. आता इथे नीट बघा. २०२२ च्या उन्हाळ्यात त्यांनी मिडफिल्डर बिसुमा टॉटनहॅमला विकला, पण त्याच्या जागेवर खेळणारा कायसेडो २०२१ मध्येच इक्वेडोरहून आणून ठेवलेला होता, तोही पन्नास लाख पौंडांच्या आत. २०२३ मध्ये कायसेडो चेल्सीला गेला, १० कोटी पौंड आणि वर बोनस धरून साडेअकरा कोटींपर्यंत, आणि त्याच महिन्यात लीलमधून बालेबा आला. कोचचंही तेच, सप्टेंबर २०२२ मध्ये ग्रॅहम पॉटर सीझन चालू असताना आपला स्टाफ घेऊन चेल्सीला निघून गेला, काही दिवसांत दे झेर्बी आला आणि त्या सीझनला टीम सहावी येऊन पहिल्यांदा युरोपात खेळायला पात्र ठरली. दुसऱ्या कुठल्याही क्लबात एवढं झालं असतं तर शोकसभा भरली असती. मोठी ट्रॉफी त्यांच्याकडे अजून एकही नाही हां, हेही सांगायला पाहिजे, त्यामुळे आपल्यासाठी यश म्हणजे नक्की काय हे तुमचं तुम्ही आधी ठरवा, नाहीतर पहिल्याच हरलेल्या फायनलनंतर भांडणं सुरू होतात.

आता हे आपल्याकडे कसं करायचं. एक चार्ट पेपर घ्या, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मिळतो तो, आणि ११ चौकोन काढा, टीम मैदानात उभी राहते तसे. प्रत्येक चौकोनात पेन्सिलने तीन ओळी. पहिल्या ओळीत आज खेळणारा, दुसऱ्या ओळीत तो उद्या आला नाही तर कोण, तिसऱ्या ओळीत दोन वर्षांनी कोण, म्हणजे आत्ता तुमच्या अंडर-१३ किंवा अंडर-१५ मध्ये असलेला पोरगा. नावापुढे इयत्ता लिहा, वय नको, कारण आपल्याकडे पोरगं फुटबॉल कधी सोडणार हे इयत्तेवरून कळतं. मी पैजेवर सांगतो, लेफ्ट बॅकच्या चौकोनात दुसरी ओळ रिकामी राहणार आणि गोलकीपरच्या चौकोनात तिसरी. डावखुरी पोरं कमी आणि गोलकीपर कोणालाच व्हायचं नसतं, उंच दिसला त्याला उभा करतात. ह्या रिकाम्या ओळी म्हणजे तुमचं वर्षभराचं काम. नवीन मुलं बघायला शाळेच्या मॅचला जाल तेव्हा सगळ्यात जास्त गोल मारणाऱ्याकडे बघत बसू नका, तो सगळ्यांनाच दिसतो, तुम्हाला डाव्या पायाने बॉल काढणारा पाहिजे आहे, तो कदाचित हरलेल्या टीममध्ये असेल. मोठ्या क्लबांचं स्काउटिंग म्हणजे मुळात हेच, फक्त त्यांच्याकडे कॉम्प्युटर आहेत आणि यादी पन्नास देशांची आहे. पेन्सिल वापरा म्हणालो कारण दर दोन महिन्यांनी खोडावं लागतं.

प्रोफेशनल क्लब ह्या तक्त्यात अजून एक रकाना ठेवतात, कॉन्ट्रॅक्ट कधी संपतंय. १९९५ च्या बॉस्मन निकालानंतर युरोपात कॉन्ट्रॅक्ट संपलं की प्लेअर फुकटात जाऊ शकतो, त्यामुळे शहाणे क्लब दोन वर्षं बाकी असतानाच ठरवतात, नवीन कॉन्ट्रॅक्ट नाहीतर विक्री. पॅरिसच्या पीएसजीसारख्या पैसेवाल्या क्लबकडून २०२४ मध्ये एम्बाप्पे एक पैसा न देता रेआल माद्रिदला गेला, म्हणजे चुकायला गरीब असावं लागतं असं नाही.

स्टारच्या मागे लागणाऱ्यांसाठी उदाहरण घरातलंच आहे. मुंबई सिटी एफसी २०१४ ला सुरू झाली तेव्हा पहिले दोन सीझन होम ग्राउंड आपल्या नेरुळचं डी. वाय. पाटील होतं, स्टेशनवरून चालत जाऊन फ्रान्सचा स्टार अनेल्का बघता यायचा. दुसऱ्या वर्षी तर तोच प्लेअर आणि तोच मॅनेजर. नंतर टीम अंधेरीला गेली, तिथे उरुग्वेचा स्टार फोर्लान आला. नावं केवढी मोठी, पण त्या वर्षांत ट्रॉफी एकही नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, ६५ टक्के हिस्सा घेतला आणि त्यानंतर चित्र पालटलं. २०२०-२१ ला सर्जिओ लोबेराच्या हाताखाली लीग शील्ड (टेबलात पहिलं येणाऱ्याला मिळते ती) आणि प्लेऑफ जिंकून आयएसएल ट्रॉफी, दोन्ही. पैसा आला म्हणून झालं असं लोक म्हणतात, आणि पैसा होताच, लोबेराबरोबर त्याच्या जुन्या क्लबचे, एफसी गोव्याचे, कितीतरी प्लेअर उचलून आणले, ते काय फुकटात आले नाहीत. पण मला त्याच्या पुढचं जास्त इंटरेस्टिंग वाटतं. पुढचा सीझन तोंडावर असताना लोबेरा गेला, डेस बकिंगहॅम आला, तो ग्रुपच्याच ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न सिटी क्लबात असिस्टंट राहिलेला. पहिल्या सीझनला टीम पाचवी, प्लेऑफही नाही. आपल्या लीगमध्ये तेवढ्यावर कोचचं तिकीट काढतात. ह्यांनी ठेवला, आणि पुढच्या सीझनला सलग १८ मॅच न हरता शील्ड आणली. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेला तर परत मेलबर्न सिटीतूनच पीटर क्राट्की आणला, आणि मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून कप. चार वर्षांत तीन कोच आणि खेळायची पद्धत साधारण तीच, बॉल आपल्याकडे ठेवायचा, मागून बांधत यायचं. पुढचा कोच कोणत्या दुकानातून आणायचा हे त्यांना माहीत होतं, एवढंच.

ह्याच्या बरोबर उलटं बघायचं तर मँचेस्टर युनायटेड. मॅनेजर अॅलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ ते मे २०१३, १३ लीग टायटल, त्यातही पहिली ट्रॉफी यायला १९९० उजाडलं. एवढा धीर आज कोण धरतो. पण तो रिटायर झाला त्याच उन्हाळ्यात क्लबचा सीईओ डेव्हिड गिलही गेला, आणि नवीन मॅनेजर मॉयेसने जुने असिस्टंट कोच बदलून आपली माणसं आणली. म्हणजे वरचा, खालचा, सगळी आठवण एकदमच दाराबाहेर. ती टीम चॅम्पियन होती, पुढच्या सीझनला सातवी आली, सहा वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट दिलेला मॉयेस दहा महिन्यांत गेला, आणि २०२४-२५ मध्ये तर पंधरावे. तेव्हापासून एकही लीग नाही. फर्ग्युसनसारखा माणूस परत मिळणार नाही वगैरे ठीक आहे, पण सगळ्यांनी एकाच वेळी जायचं हे कोणी ठरवलं?

लिव्हरपूलने हे पन्नास-साठ वर्षांपूर्वी जमवलं होतं. बिल शँक्ली १९५९ ला मॅनेजर म्हणून आला, १९७४ ला अचानक सोडून गेला, तर गादीवर बसला बॉब पेझली, जो १९३९ पासून त्याच क्लबात होता, आधी प्लेअर, मग फिजिओ, मग कोच. नऊ सीझनमध्ये सहा लीग, तीन युरोपियन कप. त्याच्यानंतर जो फेगन, तोही आतलाच, पहिल्याच सीझनला लीग, लीग कप आणि युरोपियन कप. अॅनफिल्डला, म्हणजे त्यांच्या ग्राउंडवर, बूट ठेवायची एक छोटी खोली होती, तिथे ही मंडळी मॅचनंतर बसायची, आणि रोजच्या प्रॅक्टिसची वही ठेवायची. काय करून घेतलं, कोण दुखावला, हवा कशी होती. पुढच्या वर्षी कोणी सारखा दुखावायला लागला की जुनी वही काढून बघायचे की तेव्हा आपण काय वेगळं केलं होतं.

ही वही आपण फुकटात उचलू शकतो, आणि मी तर म्हणेन पहिल्या दिवसापासून सुरू करा. साधं लांब रजिस्टर, दुधाचा हिशोब ठेवायचं तसलं. तारीख, किती पोरं आली, काय करून घेतलं, कोण लंगडत गेला, कोणाच्या आईने फोन केला. मोबाईलमध्ये ठेवू नका, मोबाईल तुमचा असतो, रजिस्टर क्लबचं असतं. तुम्हाला डेंग्यू झाला आणि तीन आठवडे दुसऱ्या कोणाला प्रॅक्टिस घ्यायची वेळ आली तर तो काय बघून घेणार, तुमचा लॉकस्क्रीन? दर सेशनला असिस्टंटला लिहायला लावा, त्यातून तोही शिकतो. कोचची डी लायसन्स (कोचिंगचा सुरुवातीचा अधिकृत कोर्स) करायला आधी असिस्टंटला पाठवा, स्वतः नंतर जा. हे लोकांना उलटं वाटतं, पण हेड कोच एकटाच शिकलेला असेल तर तो गेल्यावर क्लब परत शून्यावर.

एक माणूस म्हणजे क्लब असं झालं की काय होतं ते मुंबईनेच बघितलंय. मुंबई एफसी (मुंबई सिटीपेक्षा वेगळा क्लब) आय-लीगला, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या टॉप लीगला, खेळायची, कोच खालिद जमीलने २००९ ते २०१६ ती टीम टॉप डिव्हिजनमध्ये तगवून ठेवली. तो गेला आणि पुढच्याच सीझनला टीम शेवटून पहिली आली, खाली उतरली, आणि क्लबच बंद. गंमत म्हणजे त्याच सीझनला जमीलने आयझॉल एफसीला आय-लीग जिंकून दिली, अख्खा देश थक्क. मग तो ईस्ट बेंगालला गेला, प्लेअर पांगले, आणि आयझॉलला परत ते जमलं नाही. आज तो भारताचा कोच आहे, त्याचं चांगलंच झालं.

पैशाबद्दल. इथे मी थोडा कडक आहे, सॉरी. लीड्स युनायटेड २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला होते, आणि दर वर्षी आपण तिथे असणारच असं धरून त्यांनी पुढच्या कितीतरी वर्षांच्या तिकीटविक्रीवर कर्ज उचललं. एकदा चौथे आले, एकदा पाचवे, चॅम्पियन्स लीगचा पैसा आलाच नाही, मग प्लेअर विकले, २००४ ला खाली, त्याच वर्षी ग्राउंडही विकलं, २००७ ला तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, परत वर यायला २०२० लागलं. लेस्टरची गोष्ट सगळ्यांना माहितीये, २०१६ चे चॅम्पियन २०२३ ला रेलिगेट. आता युएफा, म्हणजे युरोपियन फुटबॉलची संघटना, म्हणते पगार, ट्रान्सफर आणि एजंट मिळून खर्च उत्पन्नाच्या ७० टक्क्यांत बसवा. आणि मालक एकच असेल तर त्याने हात वर केला की खेळ खल्लास, महिंद्रा युनायटेड २००५-०६ ची नॅशनल लीग जिंकलेली टीम, २०१० ला कंपनीने बंद केली आणि विषय संपला.

आपल्या लेव्हलला ह्याचा अर्थ असा की क्लबचा पैसा तीन ठिकाणांहून यायला पाहिजे, आणि त्यातलं एक गेलं तरी ग्राउंडचं भाडं निघायला पाहिजे. महिन्याची फी, एक छोटा स्पॉन्सर, आणि वर्षातून एकदा स्वतः भरवलेली टुर्नामेंट. स्पॉन्सर नगरसेवक किंवा होऊ घातलेला नगरसेवक असेल तर निवडणूक होईपर्यंत बॅनर मोठा आणि चेक छोटा असतो, निवडणूक झाली की दोन्ही गायब, त्यामुळे त्याच्या पैशातून जर्सी घ्या, कोचचा पगार त्यावर लावू नका. कोपऱ्यावरचा डेंटिस्ट, क्लासवाले सर, मेडिकलवाला, हे कमी देतात पण दर वर्षी देतात. आणि जिंकलेल्या कॅश प्राइझवर बजेट करायचं नाही, ते आलं तर बॉल घ्या. हिशोब गणपती मंडळासारखा बोर्डावर लावा, अध्यक्ष आणि खजिनदार बदलत राहतात तरी काही मंडळं पन्नास-साठ वर्षं चालतात ती ह्याच एका सवयीवर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मातीचं ग्राउंड पाण्याखाली असतं आणि टर्फवाले संध्याकाळचा दर चढवतात, त्यामुळे पावसाळ्याच्या स्लॉटचं बोलणं एप्रिलमध्येच उरका, आणि सकाळी सहाचा स्लॉट मागा, तो स्वस्त असतो.

अकॅडमीबद्दल लोक बार्सिलोनाची ला मासिया, हॉलंडचा आयॅक्स वगैरे बोलतात, बरोबरच आहे, पण मला स्पेनचा अॅथलेटिक बिल्बाओ जवळचा वाटतो. फक्त बास्क प्रदेशातली किंवा तिथे घडलेली पोरं घेतात, तरीही स्पेनच्या पहिल्या डिव्हिजनमधून कधीच खाली गेलेले नाहीत, असं रेआल आणि बार्सिलोना सोडून कोणीच म्हणू शकत नाही. २०२४ मध्ये ४० वर्षांनी कोपा देल रे जिंकले तर अख्खं शहर नदीवर. ह्यात भावना आहेच, पण व्यवहारही आहे, मर्यादा आधीच ठरलेली असल्यामुळे त्यांना आपल्या भागातला एकही पोरगा वाया घालवणं परवडत नाही.

आपण मात्र घालवतो, आणि कुठे घालवतो ते नेमकं माहीत आहे. नववीची परीक्षा संपली की मे महिन्यात व्हेकेशन बॅच सुरू होते आणि पोरगं गायब. पालकांशी भांडून काही होत नाही, त्यांचंही बरोबरच असतं. मी सांगतो ते करा. दहावीच्या पोरांची त्या वर्षाची फी माफ, फक्त रविवारी सकाळी एक सेशन, आणि जमलं तर अंडर-१० च्या पोरांना सांभाळायला त्यांना बोलवा, कोन लावायला, शिट्टी वाजवायला. ग्रुपमधून काढू नका. बोर्डाचा शेवटचा पेपर असेल त्या आठवड्यात मेसेज टाका की अमुक तारखेला मॅच आहे, बूट होतात का बघ. पाय वाढलेले असतात त्यामुळे बूट होत नाहीतच, जुन्या बुटांची एक पिशवी क्लबमध्ये ठेवा. ह्या पोरांपैकी जी परत येतात ती नंतर वर्षानुवर्षं जात नाहीत आणि पुढचे असिस्टंट कोच त्यातूनच निघतात.

आणि एखादा खरंच चांगला निघाला तर त्याला अडवू नका. घणसोलीला रिलायन्स फाउंडेशनची निवासी अकॅडमी आहे, तिथल्या किंवा दुसऱ्या कुठल्या मोठ्या क्लबच्या ट्रायलला तुम्हीच घेऊन जा. बरेच लोकल कोच पोरगं लपवून ठेवतात, मला हे अजिबात पटत नाही, एकाला पाठवलं की दहा पालक तुमच्याकडे येतात. फक्त कागद नीट ठेवा. फिफाच्या नियमाप्रमाणे आंतरराष्ट्रीय ट्रान्सफर झाली की रकमेतले ५ टक्के त्या प्लेअरला १२ ते २३ वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटतात, १२ ते १५ च्या प्रत्येक वर्षाला पाव टक्का आणि १६ पासून पुढे अर्धा टक्का. आपल्याकडून युरोप लांब आहे, मान्य, पण रजिस्ट्रेशन नसेल तर तो पोरगा तुमच्याकडे खेळला हे सिद्धच करता येत नाही. त्यामुळे क्लब आपल्या भागातल्या फुटबॉल असोसिएशनला जोडून घ्या, एआयएफएफच्या (भारतीय फुटबॉल महासंघाच्या) सीआरएस ह्या ऑनलाइन रजिस्ट्रेशनवर पोरांची नोंद करा, जन्मदाखल्याची कॉपी फाइलला लावा. जन्मदाखला खरा पाहिजे. वय चोरून अंडर-१३ चा कप मिळतो, पण अंडर-१७ ला टीमच नसते.

डाएट, जीपीएस व्हेस्ट, व्हिडिओ अॅनालिसिस ह्यावर मी काही लिहित नाही, ते सगळं नंतर. एखाद्या पालकाने स्टँडवरून मोबाईलवर अख्खी मॅच शूट केली तरी सध्या पुरे.

शेवटचा माणूस जो जाणार तो तुम्ही. बदली होईल, लग्न होईल, पनवेलला फ्लॅट घ्याल, काहीही. बँक अकाउंटवर आजच दोन सह्या करा, ग्रुपला दुसरा अॅडमिन करा, रजिस्टर कुठल्या कपाटात आहे ते तिघांना माहीत असू द्या. महापालिकेच्या ग्राउंडच्या परमिशनसाठी दर वर्षी अर्ज घेऊन तुम्हीच खेटे घालत असाल, तिथला क्लार्क तुम्हालाच ओळखत असेल, तर यंदा असिस्टंटला बरोबर न्या, ओळख करून द्या, आणि पुढच्या वर्षी त्याला एकट्याला पाठवा.